शिकाऊ सर्जनच्या हाताचे मूल्यमापन व्हिडिओवरून करावे का, आणि करायचे तर कसे?

सहयोगी_शल्य (प्रश्न)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात शिकवतो. आमच्या लॅप्रोस्कोपीच्या टॉवरला (दुर्बिणीचा कॅमेरा आणि पडदा असलेल्या स्टँडला) आता रेकॉर्डर जोडला गेला आहे आणि दुर्बिणीतून होणारी पित्ताशयाची ऑपरेशने, म्हणजे आपण ज्यांना लॅप कोली म्हणतो ती, नियमितपणे रेकॉर्ड होत आहेत. हे रेकॉर्डिंग सध्या हार्ड डिस्कवर नुसते साठत आहे. एम.एस.च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे हातकौशल्य जोखण्यासाठी त्याचा उपयोग करावा असे मी विभागाच्या बैठकीत सुचवले, तेव्हा बरेच मतभेद झाले. म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माझी अडचण अशी आहे. विद्यार्थ्याने किती ऑपरेशने पाहिली, किती ठिकाणी असिस्ट केले आणि किती स्वतः केली याची नोंद लॉगबुकात असते, परंतु ती कशी केली याची नोंद कोठेच नसते. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस, उपकरणे, एक्स-रे, स्पेसिमेन या सगळ्यांवर प्रश्न विचारले जातात, मात्र विद्यार्थ्याला जिवंत रुग्णावर ऑपरेशन करताना परीक्षक पाहत नाहीत. ‘याचा हात चांगला आहे’ किंवा ‘हिला अजून वेळ लागेल’ हे युनिटप्रमुखांचे मत हेच काय ते मूल्यमापन, आणि ते मत पुष्कळदा अगदी अलीकडच्या केसेसवर किंवा त्या विद्यार्थ्याच्या वॉर्डातील कामावर बेतलेले असते.

बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की, आपण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शेजारी उभे राहून सगळे पाहतोच, मग तेच पुन्हा पडद्यावर कशाला पाहायचे? दुसरा आक्षेप वेळेचा होता. तासाभराचे ऑपरेशन तासभर बसून कोण पाहणार? यावर मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. कोणती गुणपत्रिका वापरावी, पूर्ण व्हिडिओ पाहावा की निवडक भाग, गुण कोणी द्यावेत आणि ते अंतर्गत मूल्यमापनात धरावेत का, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहावे ही विनंती.

शल्य_पुणे

आपल्या सहकाऱ्यांचा पहिला आक्षेप रास्त वाटतो, पण ओटीतले पाहणे आणि नंतरचे पाहणे यांत मोठा फरक आहे. ओटीत आपण शिक्षक असतो आणि त्याच वेळी त्या रुग्णाची जबाबदारीही आपल्यावर असते. विद्यार्थी कॅलॉट्स ट्रँगलमध्ये (पित्ताशयाच्या मानेजवळच्या, नळ्या आणि रक्तवाहिनी असलेल्या त्रिकोणात) हुक (विजेवर चालणारे आकड्यासारखे उपकरण) चालवत असताना आपले सारे लक्ष त्या हुकच्या टोकावर असते, आणि ते तेथेच असायला हवे. त्यामुळे त्याचा डावा हात काय करत होता हे आपल्याला नंतर आठवत नाही. व्हिडिओ पाहताना मात्र तो डावा हातच सर्वांत जास्त बोलतो. पित्ताशयाचे इन्फंडिब्युलम (मानेकडचा निमुळता भाग) बाहेरच्या बाजूला आणि थोडे खाली ओढले तर सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) कॉमन डक्टपासून (मुख्य पित्तनलिकेपासून) कोन करून वेगळी दिसते. तेच वर खांद्याच्या दिशेने ओढले तर दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि कॉमन डक्टच सिस्टिक डक्ट भासू लागते. विद्यार्थी ही ओढ अधूनमधून बदलतो का, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू उलटवून पाहतो का, की ग्रास्पर (पकडायचा चिमटा) एकदा पकडला तो शेवटपर्यंत तसाच धरून ठेवतो, हे पडद्यावर दोन मिनिटांत कळते. ओटीत असताना मी स्वतःच त्याला ‘जरा बाहेर ओढ’ असे सांगत असतो, त्यामुळे त्याला ते आपणहून सुचले असते की नाही हे मला कधी समजतच नाही.

दुसरे असे की, निकालावरून विद्यार्थ्याला जोखणे शक्य नाही. लॅप कोलीमध्ये पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण साधारणपणे हजारी तीन ते पाच असे सांगितले जाते. तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या वाट्याला ज्या मोजक्या केसेस येतात त्यांत चांगल्या हाताचा असो वा कच्च्या हाताचा, बहुतेकांकडून अशी इजा होणारच नाही. म्हणजे ‘त्याचे सगळे रुग्ण सुखरूप घरी गेले’ या वाक्यातून त्याच्या हाताविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. ऑपरेशन कसे झाले हेच पाहावे लागते.

आणि ते पाहण्याला अर्थ आहे याचा पुरावा मिळालेला आहे. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठपणाची ऑपरेशने करणाऱ्या २० सर्जननी दुर्बिणीतून केलेल्या गॅस्ट्रिक बायपासचा प्रत्येकी एक व्हिडिओ स्वतः निवडून दिला. व्हिडिओ कोणाचा आहे हे न सांगता तो प्रत्येकी किमान १० समव्यावसायिकांना दाखवण्यात आला आणि त्यांनी १ ते ५ या पट्टीवर गुण दिले. सरासरी गुण २.६ पासून ४.८ पर्यंत पसरलेले निघाले. सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांशातील सर्जनांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते, तर सर्वांत वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के. हे सगळे सर्जन स्वतंत्रपणे काम करणारे होते, विद्यार्थी नव्हते, आणि व्हिडिओ त्यांनी स्वतः निवडलेला होता, हे लक्षात घेतले तर हा फरक अधिकच विचार करायला लावतो. मात्र याच गटाने २०१६ साली एक वर्षानंतरचे वजन तपासले तेव्हा गुणांचा आणि वजन घटण्याचा संबंध आढळला नाही. म्हणून व्हिडिओतील हात पाहून सर्व काही कळते, असा दावा कोणी करू नये.

वेळेबद्दल सांगायचे तर पूर्ण तास पाहण्याची गरज नाही. लॅप कोलीसाठी मी कॅलॉट्स ट्रँगल उघडण्यास सुरुवात झाल्यापासून शेवटची क्लिप (नळी बंद करणारा छोटा चिमटा) लावून कात्री चालेपर्यंतचा भाग सलग, वेग न वाढवता पाहतो. पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचा भाग थोडासा चाळतो. विद्यार्थ्याला निवडक तुकडे कापून आणायला मात्र कधीही सांगू नये. तो अडखळला तोच भाग गळेल, आणि आपल्याला तर तोच पाहायचा असतो.

निवासी_तिसरे_वर्ष

मी स्वतः एम.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. व्हिडिओवरून मूल्यमापन व्हावे असे मला मनापासून वाटते, पण तीन गोष्टी ठरवल्याशिवाय ते सुरू करू नये.

पडद्यावर फक्त उपकरणांची टोके दिसतात. ती कोणाच्या हातात आहेत हे दिसत नाही. अवघड जागी सर हुक हातात घेतात, चार मिनिटे काम करतात आणि पुन्हा आमच्याकडे देतात. त्या चार मिनिटांचे गुण कोणाचे? आमच्या युनिटमध्ये फ्लोअर नर्सकडे एक साधा कागद असतो आणि उपकरण ज्या वेळी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती वेळ त्यावर लिहिली जाते. एवढी एक नोंद नसेल तर व्हिडिओवरील गुणांना काही आधार राहत नाही. सरांनी उपकरण का घेतले, म्हणजे वेळ कमी होता म्हणून, की मी चुकीच्या थरात जात होतो म्हणून, हेही त्याच कागदावर एका शब्दात लिहिले तर फार उपयोग होईल.

कॅमेरा बहुधा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी धरतो. क्षितिज तिरके झाले, लेन्सवर वाफ धरली, दृश्य फार जवळ गेले, तर चांगले ऑपरेशनही अडाणीपणाचे दिसते. उपकरण दृश्याबाहेर गेले असताना कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारे उपकरण) चालवली, हा दोष माझा की कॅमेरा धरणाऱ्याचा, याचा विचार गुण देणाऱ्याने करायला हवा. माझ्या मते तो माझाच दोष आहे, कारण दिसत नसेल तर मी थांबायला हवे. पण उपकरण शोधण्यात गेलेला वेळ माझ्या खाती धरला जाऊ नये.

शेवटचे म्हणणे थोडे संकोचाने मांडतो. व्हिडिओ सगळ्या विभागासमोर लावून विद्यार्थ्याला उभे करायचे, अशी पद्धत सुरू झाली तर रेकॉर्डर ‘बंद पडण्याचे’ प्रमाण वाढेल. सर आणि विद्यार्थी असे दोघेच बसले तर एकाच बैठकीत पुष्कळ शिकता येते. मी आधी स्वतःला गुण देतो, मग सर देतात, आणि जेथे दोघांच्या गुणांत फरक असतो तेथेच आम्ही व्हिडिओ थांबवून बोलतो. यामुळे बैठक अर्ध्या तासात आटोपते.

वैद्यकशिक्षण_नाशिक

गुणपत्रिकेविषयी लिहितो. नवी गुणपत्रिका घरी तयार करण्याचा मोह टाळावा. कॅनडातील टोरांटो येथे तयार झालेली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली ओसॅट्स ही पद्धत आजही आधारभूत मानली जाते. तिच्या सर्वसाधारण मोजपट्टीत ऊतींची जपणूक, वेळ आणि हालचालींची काटकसर, उपकरणे हाताळणे, उपकरणांची माहिती, मदतनिसांचा उपयोग, ऑपरेशनचा ओघ व पुढचा विचार, आणि त्या विशिष्ट ऑपरेशनचे ज्ञान अशी सात अंगे १ ते ५ गुणांवर मोजली जातात. ही मूळची प्रयोगशाळेतील टेबलांवर घ्यायच्या परीक्षेसाठी होती, हे ध्यानात ठेवावे. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी मॅकगिल विद्यापीठातून २००५ साली आलेली गोल्स ही मोजपट्टी अधिक सुटसुटीत आहे. खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कार्यक्षमता, ऊतींची हाताळणी आणि स्वावलंबन अशी तिची पाच अंगे आहेत. यातील स्वावलंबन नुसत्या व्हिडिओवरून ठरत नाही, त्यासाठी वरच्या प्रतिसादात सांगितलेला नर्सचा कागद आणि ओटीतील आवाज दोन्ही लागतील. आवाज ठेवला तर विद्यार्थी ओळखू येतो आणि काढला तर स्वावलंबन कळत नाही. माझ्या मते आवाज काढून टाकावा आणि ते एक अंग ओटीतील शिक्षकानेच त्याच दिवशी भरावे.

याखेरीज लॅप कोलीसाठी क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टीच्या (काहीही कापण्यापूर्वी रचना नक्की ओळखू येतील अशा सुरक्षित दृश्याच्या) तीन अटी स्वतंत्रपणे ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा नोंदवाव्यात: त्रिकोणातील मेद आणि तंतुमय ऊती साफ झाल्या आहेत, पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतावरून मोकळा झाला आहे, आणि पित्ताशयात दोन आणि दोनच रचना (सिस्टिक डक्ट आणि पित्ताशयाची धमनी) जाताना दिसत आहेत. अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी ही संज्ञा १९९५ साली रूढ केली. पहिली क्लिप लागण्यापूर्वीच्या क्षणी या तिन्ही अटी पुढून आणि मागून दिसल्या का, एवढेच तपासायचे आहे. या नोंदीची सरासरी काढून ती इतर गुणांत मिसळू नये. इतर सगळे गुण उत्तम असले तरी ही नोंद ‘नाही’ असेल तर त्या विद्यार्थ्याशी त्याच आठवड्यात बोलले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरावेत का? येथे थोडे गणित उपयोगी पडेल. समजा, एकच व्हिडिओ वेगवेगळ्या शिक्षकांनी पाहिला आणि एका शिक्षकाच्या गुणांची विश्वसनीयता (गुणांवर किती भरवसा ठेवता येईल याचा ० ते १ मधला आकडा) ०.४ निघाली. दोघांची सरासरी घेतली तर ती साधारण ०.५७ होते, चौघांची घेतली तर ०.७३, आणि सहा जणांची घेतली तेव्हा कोठे ०.८ पर्यंत पोहोचते. ज्या परीक्षेवर विद्यार्थ्याचे पुढचे भवितव्य ठरते तिच्यासाठी ०.८ च्या खालचा आकडा सहसा पुरेसा मानला जात नाही. शिवाय सहा जणांनी एकच केस पाहिली तर त्या केसविषयी खात्री वाढते, विद्यार्थ्याविषयी वाढत नाही. सुजलेले, चिकटलेले पित्ताशय वाट्याला आलेला विद्यार्थी आणि पातळ, मोकळे पित्ताशय मिळालेला विद्यार्थी यांची तुलना एका केसवरून करणे अन्यायाचे आहे. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगवेगळ्या अवघडपणाचे अनेक व्हिडिओ, दर वेळी दोन वेगळे शिक्षक, आणि केसच्या काठिण्याची वेगळी नोंद, अशी रचना असावी. असे दोन वर्षे चालल्यावरच गुण मोजण्याचा विचार करता येईल. तोपर्यंत ते शिकवण्यापुरतेच ठेवावेत.

आणखी एक पथ्य आहे. गुण देणाऱ्याला रुग्णाचे पुढे काय झाले हे कळू देऊ नये. तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये (पोटातील स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) पित्त आले हे माहीत असलेला शिक्षक त्याच व्हिडिओला नकळत कमी गुण देतो.

नेत्रशल्य_कोल्हापूर

आमच्या शाखेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल असे वाटते, कारण मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हिडिओ पाहण्यासाठी फार सोयीचे आहे. सूक्ष्मदर्शकातून सर्जनला जे दिसते तेच कॅमेऱ्याला दिसते, कॅमेरा धरणारा तिसरा माणूस नसतो, आणि संपूर्ण ऑपरेशन बहुधा तासाच्या आत आटोपते. आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेने तयार केलेल्या ऑस्कर या गुणपत्रिका फेको (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत) आणि लहान छेदाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया, म्हणजे आपली एसआयसीएस, या दोन्हींसाठी वेगवेगळ्या आहेत. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक टप्प्यासाठी नवशिका काय करतो आणि सक्षम सर्जन काय करतो हे वाक्यांत वर्णन करून दिलेले आहे. ‘कॅप्सुलोरेक्सिस (भिंगाच्या आवरणाला गोल छेद देणे): ३ गुण’ एवढेच वाचून विद्यार्थ्याला काही उमगत नाही. चीर बाहेरच्या बाजूला पळू लागली तेव्हा ती ओळखून परत आणता आली का, हे वर्णन वाचले की त्याला पुढच्या वेळी काय करायचे ते कळते. शल्यचिकित्सकांनी गोल्स वापरली तरी प्रत्येक गुणासमोर आपल्या भाषेत, आपल्या ओटीतले एकेक वाक्य लिहून काढावे असे मी सुचवेन. ते लिहिताना शिक्षकांचे आपापसांतले मतभेदही बाहेर येतात, आणि ते गुण द्यायला बसण्यापूर्वीच बाहेर आलेले बरे.

उघड्या शस्त्रक्रियांचे काय, हा प्रश्न मात्र मला पडतो. शासकीय रुग्णालयात हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स यांची कितीतरी ऑपरेशने चिरा देऊनच होतात. तेथे डोक्यावरचा कॅमेरा मानेबरोबर हलतो आणि दिव्यावरच्या कॅमेऱ्यापुढे असिस्टंटचे डोके येते. व्हिडिओची सोय आहे म्हणून केवळ लॅप्रोस्कोपीचेच कौशल्य मोजले गेले आणि हाताने गाठ मारणे, थर ओळखणे मागे पडले, तर विद्यार्थ्याचे नुकसान होईल.

सहयोगी_शल्य

सर्वांचे मनापासून आभार. हाताची अदलाबदल नोंदवणारा कागद आणि डाव्या हाताविषयीचे निरीक्षण मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आता प्रशासनाकडून विचारले जाणारे प्रश्न उरतात. रुग्णाची संमती वेगळी घ्यावी लागेल का? आणि हे रेकॉर्डिंग उद्या न्यायालयात मागितले गेले तर काय, ही भीती काही सहकाऱ्यांनी बोलून दाखवली आहे.

न्यायवैद्यक_नागपूर

संमती वेगळी घ्यावी, आणि ती ऑपरेशनच्या संमतीपत्राच्या तळाशी एक ओळ घालून घेऊ नये. रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे की ऑपरेशनचे चित्रण होईल, त्यात चेहरा आणि नाव दिसणार नाही, ते विभागातील डॉक्टरांच्या शिक्षणासाठी पाहिले जाईल, आणि नाही म्हटले तरी ऑपरेशनमध्ये किंवा उपचारात काहीही फरक पडणार नाही. शासकीय रुग्णालयातील रुग्णाला डॉक्टरांना नाही म्हणणे जड जाते, म्हणून हे शेवटचे वाक्य नातेवाइकांसमोर सांगावे आणि सही घेण्याची घाई करू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रे त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत, आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ज्या हेतूसाठी संमती घेतली त्याच हेतूपुरता माहितीचा वापर करावा असे सांगतो. शिकवण्यासाठी घेतलेला व्हिडिओ परिषदेत किंवा यूट्यूबवर दाखवायचा असेल तर त्यासाठी पुन्हा विचारावे.

प्रत्यक्षात धोका टॉवरच्या रेकॉर्डरपेक्षा मोबाइलमधून जास्त आहे. विद्यार्थी मॉनिटरचे चित्रण फोनवर करतात, मॉनिटरच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि तो तुकडा व्हॉट्सॲपवर फिरतो. अधिकृत रेकॉर्डिंग सुरू करताना नाव टाकण्याऐवजी सांकेतिक क्रमांक टाकावा, त्या क्रमांकाची वही विभागात कुलपात ठेवावी, आणि फोनवरील चित्रण लेखी आदेशाने बंद करावे. दुर्बीण पोटात जाण्यापूर्वीचे आणि बाहेर आल्यानंतरचे दृश्य कापून टाकावे, कारण ओटीतील चेहरे तेवढ्यातच येतात.

न्यायालयाच्या भीतीबाबत माझे मत स्पष्ट आहे. व्हिडिओ किती काळ ठेवायचा, कोणी पाहायचा आणि केव्हा पुसायचा हे सुरुवातीलाच लेखी ठरवून संस्थेच्या समितीकडून मंजूर करून घ्यावे आणि तो नियम सर्व केसेसना सारखाच लावावा. एखादी केस बिघडली म्हणून तिचाच व्हिडिओ घाईने पुसला गेला तर ते कृत्य व्हिडिओतील कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक संशयास्पद ठरते. तक्रार किंवा नोटीस आल्यावर तर तो पुसूच नये. क्लिप लावण्यापूर्वी तिन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या, हे दाखवणारा व्हिडिओ डॉक्टरच्या बाजूनेही उभा राहतो.

शल्य_पुणे

नेत्रशल्य यांच्या शंकेबद्दल एवढेच लिहितो की, उघड्या शस्त्रक्रियेत संपूर्ण ऑपरेशन टिपण्याचा हट्ट सोडला तर काम सोपे होते. हर्नियात जाळी बसवून टाके घालण्याचा टप्पा असिस्टंटला एका बाजूला उभे करून, स्थिर स्टँडवरच्या कॅमेऱ्याने चांगला टिपता येतो. गाठीही त्यात दिसतात. थर ओळखण्याचे कौशल्य मात्र आजही शेजारी उभे राहूनच जोखावे लागते, आणि तेथे व्हिडिओचा आग्रह धरू नये.

सहयोगी_शल्य, सुरुवात करताना सर्वांत आधी विभागातील शिक्षकांनी आपापला प्रत्येकी एक व्हिडिओ गुणांसाठी द्यावा, असे मी सुचवेन. नावे झाकून तेच व्हिडिओ सर्वांनी गुणपत्रिकेवर तपासले की मोजपट्टीची वाक्येही पक्की होतील, आणि आपले मोजमाप होणार म्हणजे काय होणार हे विद्यार्थ्यांना सांगण्याआधी शिक्षकांना ठाऊक झालेले असेल.

सहयोगी_शल्य

हे मी नक्की करणार आहे. पहिल्या फेरीत माझाच व्हिडिओ देईन. न्यायवैद्यक यांनी सांगितल्याप्रमाणे संमतीपत्राचा मराठी मसुदा समितीपुढे ठेवत आहे. तो मंजूर झाला की हाताच्या अदलाबदलीच्या कागदाच्या नमुन्यासह याच धाग्यावर देतो. ज्यांच्या विभागात अशी गुणपत्रिका मराठीत आधीच तयार असेल त्यांनी तिच्यातील वाक्ये येथे टाकली तर आमचे काम लवकर होईल.